दाढा आवळल्या की कानातला आवाज वाढतो, तो का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. वय 41, सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टाची शिलाई. आठ महिन्यांपासून डाव्या कानात रातकिड्यांसारखी किरकिर. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, ऐकण्याची चाचणी जवळपास नॉर्मल आली, एमआरआय नॉर्मल आला, आणि शेवटी "टेन्शनमुळे आहे, लक्ष देऊ नका" एवढं सांगून घरी पाठवलं. तुमच्या लक्षात आलेल्या दोन गोष्टी मात्र विचारात घेतल्या गेल्या नाहीत: दाढा आवळल्या की आवाज वाढतो, आणि मान वळवली की त्याचा सूर बदलतो. शाळा उघडायच्या आधीच्या सीझनमध्ये तो असह्य होतो, रात्री झोप लागत नाही. तुम्ही विचारताय की हे टेन्शनचं आहे की मानेचं, जाईल का, आणि मशीनवरचं काम सोडावं का.

माझं काम ऐकण्याच्या तपासण्यांचं आणि कर्णनादाच्या, म्हणजे बाहेर काही नसताना कानात आवाज येण्याच्या, रुग्णांचं आहे. त्यामुळे औषधांबद्दल कमी आणि कान, जबडा, मान, झोप या साखळीबद्दल जास्त बोलेन. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, तेव्हा जिथे उत्तर तपासणीवर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट सांगेन.

"टेन्शनमुळे आहे" हे ऐकलं की बहुतेकांना वाटतं, म्हणजे आवाज खरा नाही, मीच काहीतरी मनाला लावून घेतलंय. तसं अजिबात नाही. आवाज खरा आहे, फक्त तो बाहेरून येत नाही, ऐकण्याच्या यंत्रणेतच तयार होतो. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. त्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. म्हणजे ही बारीक गुणगुण जवळजवळ सगळ्यांच्याच यंत्रणेत असते. तुमच्या बाबतीत ती वर का आली आणि परत खाली का जात नाही, हा खरा प्रश्न. वर यायला कानाची किरकोळ झीजही पुरते. नेहमीची चाचणी 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच होते, त्यामुळे ती झीज रिपोर्टमध्ये दिसेलच असं नाही. खाली न जाण्यात मात्र बऱ्याचदा स्नायूंचा आणि ताणाचा हात असतो, आणि तुमच्या वर्णनात दोन्ही दिसतात.

जबड्याचं आधी बघू. कानाची नस मेंदूच्या देठात पोचते तिथे कॉक्लियर न्यूक्लियस नावाचं पहिलं केंद्र आहे. त्याच्या मागच्या भागात फक्त कानाकडूनच संदेश येत नाहीत. जबड्याची आणि चेहऱ्याची खबर आणणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या मणक्यांजवळून येणाऱ्या नसा यांचे संदेशही तिथेच येऊन मिळतात. ही जोडणी प्रत्येकाला असते. पण कानाकडून येणारा संदेश जरा कमी पडला की तिथल्या पेशी मानेकडच्या आणि जबड्याकडच्या संदेशांना जास्त जोरात उत्तर द्यायला लागतात. दिवसभर आखडलेली मान किंवा आवळलेला जबडा तिथे सतत संदेश पाठवत राहतो आणि आवाजाची पट्टी चढते. अमेरिकेत रॉबर्ट लिव्हाइन यांनी 1999 मध्ये ही मांडणी केली, आणि मिशिगन विद्यापीठात सुझन शोर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून या जोडणीचा बराच उलगडा केला. मानेचा ताण ज्या बाजूला, बहुधा त्याच बाजूच्या कानात आवाज, हेही लिव्हाइन यांनीच नोंदवलं. याशिवाय कानाच्या पडद्याला ताण देणारा एक बारीक स्नायू आहे. त्याला चालवणारी नस चावण्याच्या स्नायूंच्या नसेचीच फांदी आहे. म्हणून जबडा आखडलेल्यांना कधी कधी कान भरल्यासारखा वाटतो किंवा आत फडफडल्यासारखं होतं.

पण इथे एक सावधगिरी. दात आवळल्यावर आवाज बदलला म्हणजे सगळं मूळ मानेतच, असा निष्कर्ष काढू नका. कर्णनाद असलेल्या साधारण दोन तृतीयांश लोकांत असा बदल होतो, मग मूळ कारण काहीही असो. बदल होतो यावरून एवढंच कळतं की स्नायूंचा खटका तुमच्या आवाजाला जोडलेला आहे. मानेचा किंवा जबड्याचा वाटा मोठा आहे असं म्हणायला आणखी खुणा लागतात: आवाज आणि मानदुखी साधारण एकाच काळात सुरू झालेली असणं, दोन्ही एकत्र वाढणं आणि एकत्र कमी होणं, वाकून बसल्यावर आवाज वाढणं, मानेच्या वरच्या टोकाला दाबलं की दुखणं, रात्री दात खाण्याची सवय, किंवा ऐकण्याच्या चाचणीत कारण न सापडता एकाच कानात आवाज असणं. 2018 मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन निकष ठरवले, त्यात यांतल्या बऱ्याच खुणा आहेत. तुमच्या शेवटच्या खुणेला टिक आहे. बाकीच्या तुम्ही तपासायच्या.

ही तपासणी घरी एकदाच करा, रात्री शांत खोलीत, पंखा बंद करून. आधी आवाजाला 0 ते 10 मधला आकडा द्या. मग मागच्या दाढा मध्यम जोराने 10 सेकंद आवळा आणि आकडा लिहा. अर्धा मिनिट थांबा. खालचा जबडा पुढे काढा, मग डावीकडे, मग उजवीकडे, दर वेळी 10 सेकंद. त्यानंतर तळहात कपाळावर ठेवून डोकं हाताविरुद्ध दाबा, मान हलू न देता. तसंच मागच्या बाजूने, दोन्ही कानशिलांवर, आणि शेवटी गालावर हात ठेवून मान वळवायचा प्रयत्न करा. कुठल्या हालचालीने आवाज वाढला, कुठल्याने कमी झाला, सूर बदलला का, हे कागदावर उतरवा. फिजिओथेरपिस्टकडे जाताना हा कागद फार उपयोगी पडतो, कारण कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळतं. मात्र ही परीक्षा रोज करू नका. दात आवळून "आज आवाज आहे का" हे बघण्याची सवय लागली की जबडाही आखडतो आणि मेंदूला तो आवाज महत्त्वाचा आहे अशी शिकवणही मिळते.

पुढे जाण्याआधी ज्यांनी थांबायला हवं त्यांच्यासाठी, कारण हे उत्तर इतरही वाचतील. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा. त्यात स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणं महत्त्वाचं असतं, आणि "मळ असेल, तेल टाकून बघू" यात अनेकांचे ते दिवस जातात. ॲमिकासिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनीन, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांपैकी काही चालू असताना आवाज सुरू झाला असेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. आवाजाने जीव नकोसा झाला असं वाटत असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं, मराठीतही.

आता जबडा. जबड्याची विश्रांतीची जागा म्हणजे ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले आणि जीभ वर टाळूला. जिभेची नेमकी जागा सापडत नसेल तर "न" म्हणा आणि जीभ टेकते तिथेच राहू द्या. दिवसभरात दातांवर दात टेकायला हवेत ते फक्त खाताना आणि गिळताना. टाके घालताना, दोरा ओवताना किंवा कॉलर बसवताना दात आपोआप आवळले जातात आणि करणाऱ्याला पत्ताही नसतो. मशीनच्या डोक्यावर डोळ्यांसमोर एक लाल टिकली चिकटवा. ती दिसली की जीभ "न" वर आहे का बघायचं, इतकंच. व्यायाम एकच पुरे: जीभ टाळूला तशीच टेकवून, ती सुटू न देता, तोंड सावकाश उघडायचं आणि मिटायचं. एका वेळी सहा, दिवसातून सहा वेळा. आरशात बघा, हनुवटी सरळ खाली यायला हवी. ती एका बाजूला सरकत असेल किंवा सांध्यात कट्ट वाजत असेल तर तेही त्या कागदावर लिहा.

गालाचा चावण्याचा स्नायू शोधायला दाढा एकदा हलक्या आवळा. कानाच्या खालच्या पाळीपुढे दोन बोटांवर जो टणक उंचवटा वर येतो तो तोच. दात सुटे ठेवून तिथे बोटांनी गोल गोल, दुखेल पण सहन होईल इतपत दाब द्या, प्रत्येक बाजूला एक मिनिट. आधी शेक घेतला तर जास्त फरक पडतो. आपला सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि गाल, कानाची मागची बाजू, मान झाकेल असा दहा मिनिटं ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात शेक नको वाटेल, तेव्हा नुसत्या दाबण्यावर भागवा.

खाण्याचंही बघायला लागेल. सुपारी, चिंगम, गुटखा, मावा हे सगळं चावण्याच्या स्नायूला दिवसभर कामाला लावतं. तंबाखूचे बाकीचे धोके वेगळेच. आणि आपली कडक भाकरी. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ती कितीही आवडत असली तरी पुढचे सहा आठवडे आमटीत चुरून किंवा ताजी मऊ भाकरी खा, आणि घास दोन्ही बाजूंनी चावा. एका बाजूच्या दाढा पडल्यामुळे किंवा किडल्यामुळे तुम्ही वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत असाल, तर आधी दातांचं काम करून घ्या. सकाळी उठताना कानशिलं दुखत असतील, दातांचे माथे झिजून सपाट झाले असतील, जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतील, तर रात्री दात खाल्ले जात आहेत. त्यासाठी दंतवैद्य तुमच्या दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकची पट्टी बनवतात. तयार मिळणारी मऊ रबरी पट्टी घेऊ नका, काही जण तीच चावत बसतात आणि स्नायू आणखी दमतो.

मानेत मुख्यतः दोन जागा. पहिली डोक्याच्या मागे, कवटी आणि मान मिळते तो खळगा. एका मोज्यात दोन टेनिस बॉल घालून गाठ मारा, जमिनीवर पाठीवर झोपा आणि ते दोन्ही बॉल त्या खळग्यात मणक्याच्या दोन बाजूंना येतील असे ठेवा. डोक्याचं वजन सोडून द्या, तीन ते पाच मिनिटं. सुरुवातीच्या एखाद्या मिनिटात आवाज किंचित वाढला तर घाबरू नका. चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत आवाज चढलेलाच राहिला तर बंद करा. दुसरी जागा म्हणजे कानामागच्या हाडापासून गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू. मान उजवीकडे वळवली की डाव्या बाजूचा उठून दिसतो. तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलका धरून वरून खाली सरकत या, पण मानेच्या पुढच्या बाजूला जिथे नाडी लागते तिथे कधीही दाबू नका. याच्या जोडीला हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम: नजर समोर, हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

सलूनमध्ये किंवा मालिशवाल्याकडून मान कडाकन मोडून घेण्याची पद्धत आहे, ती कर्णनादाच्या रुग्णाने पूर्ण टाळावी. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी वाहिनी मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जाते. झटक्याने तिला इजा होऊ शकते.

ताणाचा भाग मी मुद्दाम नंतर घेतला, कारण तुम्हाला तो आधीच पुरेसा ऐकवला गेलाय. पावेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 मध्ये जी मांडणी केली ती आजही रुग्णाला समजावताना सगळ्यात कामी येते. मेंदू प्रत्येक आवाज ऐकतो, पण लक्ष देतो ते धोक्याच्या किंवा महत्त्वाच्या आवाजाकडे. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्या घरात बाळ मागाच्या खडखडाटात झोपतं आणि आई बाळाच्या बारीक कुरकुरीने जागी होते. कानातली किरकिर पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा "हे काय, बहिरी होणार का, मेंदूत काही आहे का" अशी धास्ती बसली असेल, तर मेंदूने तिला धोक्याच्या यादीत टाकलं. मग ती ऐकू आली की छाती धडधडते, खांदे वर चढतात, दाढा आवळतात, झोप उडते. आणि आवळलेल्या दाढा आवाज आणखी चढवतात, हे वर पाहिलंच. सीझनमध्ये तुमचा आवाज का वाढतो याचं उत्तर इथे आहे: जास्त तास वाकलेली मान, नगांचा हिशेब आणि कमी झोप, तिन्ही एकाच वेळी.

म्हणून "लक्ष देऊ नका" हा सल्ला निरुपयोगी ठरतो. धोक्याच्या यादीतली गोष्ट ठरवून दुर्लक्षित करता येत नाही, ती यादीतून काढावी लागते. तुमच्या बाबतीत पहिली पायरी झाली आहे: एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे ज्याची भीती होती ते नाही. दुसरी पायरी शरीराला शांत करायची. सावकाश श्वास, चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दुपारच्या सुट्टीत एकदा आणि झोपण्याआधी एकदा. त्रास झोप आणि काम दोन्ही खात असेल तर कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी, म्हणजे त्रास वाढवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार, करणारे मानसोपचारतज्ज्ञ शोधा. आवाजामुळे होणारा त्रास कमी करण्यात सगळ्यात चांगला पुरावा याच उपचाराला आहे. तिथे जाणं म्हणजे आवाज मनाचा आहे हे कबूल करणं नव्हे.

तिसरी पायरी म्हणजे शांतता टाळायची. गंमत म्हणून नाही, खरंच: संपूर्ण शांतता हा कर्णनादाचा सगळ्यात वाईट सोबती. सोलापुरात एक गोष्ट दरवर्षी दिसते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, लोक सांगतात की गारठ्याने कानातला आवाज वाढला. बहुतेक वेळा गारठा नाही, बंद केलेला पंखा हे त्याचं कारण असतं. उन्हाळाभर पंखा आणि कूलर आवाजाला वेढून होते, ते गेले आणि किरकिर उघडी पडली. पंख्याचं तोंड भिंतीकडे करा किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज उशीपासून हातभर लांब ठेवा. पातळी अशी हवी की तुमची किरकिर त्यातूनही थोडी ऐकू येत राहील. ती पूर्ण बुडवली तर मेंदूला सवय होत नाही. इअरफोन लावून झोपू नका. आणि दिवसभर कानात कापूस घालू नका, त्याने मेंदू आतला आवाज आणखी वाढवतो. इअरप्लग फक्त मोठ्या आवाजात, म्हणजे मागाच्या खात्यात किंवा मिरवणुकीच्या डीजेजवळ. फोमचा प्लग बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरायचा.

गिंको, झिंक, मेलाटोनिन यांच्या गोळ्यांवर पैसे घालू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत कर्णनादासाठी या सुचवू नयेत असंच म्हटलं आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब मात्र एकदा तपासून घ्या. त्यात काही बिघाड निघाला तर त्याचा उपचार तसाही करायलाच हवा.

जाईल का? स्नायूंचा वाटा मोठा असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या फिजिओथेरपीत आवाज खाली येणं, काहींचा मधूनमधून थांबणं, हे शक्य आहे. वाटा लहान असेल तर आवाज राहील, पण चढ-उतार कमी होतील. पूर्ण बंद होईल असं वचन कुणी देत असेल तर पैसे देण्याआधी थांबा. प्रगती मोजायला रोजचा आकडा लिहू नका. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी नावाची 25 प्रश्नांची प्रश्नावली आहे, 0 ते 100 गुणांची. ती आज एकदा भरा आणि आठ आठवड्यांनी एकदा. बऱ्याचदा कानाला आवाज तेवढाच वाटतो, पण गुण अर्ध्यावर आलेले असतात, म्हणजे झोप आणि काम परत मिळालेलं असतं.

आणि मशीन. सोडू नका, बसणं बदला. स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची घ्या. बसायची उंची कमी पडत असेल तर चादरीची घडी खाली घाला, हात मशीनच्या टेबलावर ठेवल्यावर खांदे वर चढायला नकोत. सुईजवळ छोटा एलईडी दिवा लावा, कारण मान बहुधा दिसत नाही म्हणून वाकते. टेबलाच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन पृष्ठ तुमच्याकडे किंचित उतरतं केलं की हनुवटी छातीपासून सुटते. आधी मशीन डगमगत नाही याची खात्री करा. क्लच मोटर असेल तर ती पाय काढला तरी घुमत राहते. सर्व्हो मोटर बसवली तर ती पॅडल दाबल्यावरच फिरते, आवाजही कमी आणि विजेचं बिलही. दर अर्ध्या तासाला, एक गठ्ठा संपला की, उभं राहून हनुवटी पाच वेळा मागे घ्या. आणि कामाच्या वेळी फोन आला तर तो डाव्या खांद्यात आणि कानात दाबून शिलाई चालू ठेवू नका. आवाज डाव्याच कानात का, याचा शोध घेताना मी हीच सवय सगळ्यात आधी विचारली असती.